लाईट-हाय-का: चार्जर, बॅटरी आणि इन्व्हर्टर ओळखणाऱ्या स्क्रिप्टच्या नोंदी

५ मे

आमच्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओच्या दादांनी काम सांगितलं ते एका दमात. "लाईट गेली की जड कामं थांबली पाहिजेत, आली की आपली आपण चालू झाली पाहिजेत, पोरांच्या मागं बोंबलत फिरायला लावू नका." झालं, एवढंच स्पेसिफिकेशन.

परिस्थिती अशी की स्टुडिओत एडिटिंगला दोन मॅकबुक, अल्बम डिझाइनला चार विंडोज लॅपटॉप, आणि सर्व्हर म्हणून एक थिंकपॅड लॅपटॉप आहे ज्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. लग्नसराई जोरात, रोज कार्डं भरून येतायत, रात्री नऊनंतर सगळ्यांचा डेटा सर्व्हरवर कॉपी होतो आणि मोठ्या व्हिडिओंच्या हलक्या प्रॉक्सी फाईल बनतात. वळीव सुरू झालाय, दुपारी चार वाजता ढग भरून आले की कोल्हापूरच्या राजारामपुरीत लाईट गेलीच म्हणून धरून चालायचं. त्यात पोरं घरी जाताना चार्जरची पिन काढून जातात आणि लॅपटॉप तसाच चालू ठेवतात, मग कॉपी अर्ध्यात असताना बॅटरी बसते आणि सकाळी मशिन काळंठिक्कर पडलेलं.

तर पहिला तुकडा एवढाच की प्रत्येक मशिनवर एक छोटी स्क्रिप्ट असेल जी सांगेल की आत्ता चार्जरवर आहे का बॅटरीवर. नाव ठेवलं लाईट-हाय-का. उत्तरं दोन नाही, तीन ठेवणार: हो, नाही, आणि माहीत नाही. डेबियनमध्ये ऑन-एसी-पॉवर नावाची जुनी तयार कमांड आहे (शब्दांच्या मधे अंडरस्कोअर), ती चार्जर असेल तर ० देते, बॅटरी असेल तर १, आणि कळलं नाही तर २५५. तोच हिशोब सगळीकडे उचलायचा. ० म्हणजे हो हे नवीन पोराला विचित्र वाटतं पण शेलमध्ये (कमांडा लिहितो तिथं) इफ, म्हणजे 'असं असेल तर' ही अट, लिहिताना तेच बरं पडतं.

६ मे

आधी लिनक्स, कारण तिथं सगळं फाईलींमध्ये दिसतं. सिस फोल्डरात क्लास, त्यात पॉवर-सप्लाय, आणि त्यात प्रत्येक वीजस्रोताचं एक फोल्डर. थिंकपॅडवर एसी आणि बॅट-शून्य दिसतात. नेटवर सापडणाऱ्या निम्म्या स्क्रिप्टा इथंच गंडतात कारण त्या 'एसी' हे नाव धरून बसतात. दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर तेच एडीपी-१ असतं, तिसऱ्यावर एसीएडी. त्यामुळं नावावर जायचंच नाही, प्रत्येक फोल्डरातली 'टाईप' नावाची फाईल वाचायची. त्यात मेन्स असं लिहिलेलं असेल तर तो चार्जर, मग शेजारची 'ऑनलाईन' फाईल बघायची, १ असेल तर वीज येतेय, ० असेल तर नाही.

टाईप-सी चार्जरवाल्या नवीन मशिनवर अजून एक भानगड. तिथं चार्जर काही वेळा मेन्स म्हणून न येता यूएसबी म्हणून येतो, आणि जेवढे पोर्ट तेवढी फोल्डरं. एकाही पोर्टची ऑनलाईन १ असली तरी बास.

दुसरी गंमत, वायरलेस माऊस. सर्व्हरला माऊस लावला तर बॅटरीची अजून एक नोंद उगवली, टाईप बॅटरीच, पण ती माऊसची! तिथं 'स्कोप' नावाची फाईल असते आणि त्यात डिव्हाईस असं लिहिलेलं असतं. स्कोप डिव्हाईस असेल तर सोडून द्यायचं. नाहीतर माऊसचा सेल उतरला म्हणून स्टुडिओचा बॅकअप थांबायचा.

बॅटरीच्या 'स्टेटस' फाईलवरून ठरवावं असं पुष्कळ जण म्हणतात, चार्जिंग म्हणजे चार्जर, डिस्चार्जिंग म्हणजे बॅटरी. पण आमच्या थिंकपॅडला चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावलेली आहे, बॅटरी फुगू नये म्हणून. तो ८० ला पोचला की स्टेटसमध्ये 'नॉट चार्जिंग' येतं, म्हणजे पिन लावलेली, वीज येतेय, आणि चार्ज मात्र होत नाहीये. पिन लागलीय का आणि बॅटरी भरतेय का हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सिस्टमडी म्हणजे लिनक्सवरची कामं चालू-बंद करणारा प्रोग्रॅम, त्याची स्वतःचीपण एक कमांड आहे, सिस्टमडी-एसी-पॉवर, तीच गोष्ट सांगते. ती पडताळ्याला ठेवली.

७ मे

विंडोज. नेटवर जिकडं तिकडं डब्ल्यूएमआयसी ह्या मशिनची माहिती सांगणाऱ्या जुन्या कमांडची एक ओळ दिलेली आहे. ती जुन्या दोन लॅपटॉपवर चालली आणि नवीन विंडोज ११ वर 'असली कमांडच नाही' असं उत्तर आलं. मायक्रोसॉफ्टनं ती कमांड मोडीत काढलीय, नवीन व्हर्जनमध्ये वेगळी बसवावी लागते. त्या वाटेला जायचंच नाही.

आणि गेलं तरी तिथला बॅटरी-स्टेटसचा आकडा फसवा. १ म्हणजे बॅटरी वापरात आहे, इथपर्यंत ठीक. २ म्हणजे काय, तर मशिनला बाहेरची वीज मिळतेय, पण बॅटरी चार्ज होतेयच असं नाही. पुढं ११ पर्यंत आकडे आहेत, त्यात चार्जिंग, चार्जिंग आणि लो, चार्जिंग आणि क्रिटिकल असली सगळी पिल्लावळ. एवढ्या फाट्यांचं इफ-एल्स कोण लिहीत बसणार.

त्यापेक्षा खालचा फंक्शन सरळ आहे, गेट-सिस्टम-पॉवर-स्टेटस, कर्नल-३२ मधला. तो १२ बाईटचा एक ठोकळा देतो आणि त्यातला पहिलाच बाईट आपल्याला हवा तो: ० म्हणजे बॅटरी, १ म्हणजे चार्जर, २५५ म्हणजे माहीत नाही. त्याच्या पुढच्या बाईटमध्ये १२८ आलं तर मशिनला बॅटरीच नाही, म्हणजे डेस्कटॉप. तिसरा बाईट टक्केवारी, आणि तिथंही २५५ म्हणजे माहीत नाही, त्यामुळं बॅटरी २५५ टक्के असं स्क्रीनवर दाखवणारे महाभाग प्रोग्रॅम असतात ते ह्यामुळं.

पॉवरशेलमधून हेच डॉट-नेटच्या फॉर्म्स लायब्ररीतल्या पॉवर-लाईन-स्टेटस मधून मिळतं, आत फंक्शन तोच. तीन ओळींत काम. फक्त पॉवरशेलची स्क्रिप्ट फाईल विंडोजवर मुळात चालूच देत नाहीत, एक्झिक्युशन पॉलिसी बंद असते, तर चालवताना त्या एका रनपुरती बायपास द्यायची. कायमची उघडी ठेवायची नाही, पोरं कुठून काय डाउनलोड करतील नेम नाही.

९ मे

मॅक अर्ध्या तासात झालं. पीएमसेट कमांडला डॅश-जी आणि बॅट दिलं की पहिल्याच ओळीत येतं, आत्ता वीज कुठून घेतोय: 'एसी पॉवर' का 'बॅटरी पॉवर'. फक्त पहिली ओळच वाचायची, कारण खालच्या ओळीत 'एसी अटॅच्ड, नॉट चार्जिंग' असलं काहीतरी येऊ शकतं आणि 'एसी' शब्द सगळ्या आउटपुटमध्ये शोधत बसलं की कधीतरी घोळ होणार. यूएसबी वायरनं यूपीएस जोडलेला असेल तर तिथं तिसरं उत्तर येतं, 'यूपीएस पॉवर'. आमच्याकडं तसला यूपीएस नाही, पण त्याला बॅटरीत धरलं.

नवीन लागलेलं पोरगं म्हणालं, "एवढं कशाला, पायथनची पीएसयुटिल लायब्ररी टाका की, सगळीकडं चालते." बरोबर आहे त्याचं. सेन्सर्स-बॅटरी नावाचा फंक्शन आहे, लिनक्स, विंडोज, मॅक, फ्रीबीएसडी सगळ्यांवर चालतो, पॉवर-प्लग्ड मध्ये हो, नाही किंवा काहीच नाही असं उत्तर येतं. फक्त बॅटरीच नसेल तर अख्खं उत्तरच रिकामं येतं आणि ते न तपासता पुढं गेलं की स्क्रिप्ट उताणी पडते. पण ॲपलनं मॅकमधून पायथन काढून टाकलंय, विंडोजवर आधीपासून नसतंच, मग सहा मशिनवर पायथन घाला, लायब्ररी घाला, अपडेट झालं की परत बघा. तीन ओळींच्या कामाला एवढा लवाजमा नको. पोराच्या स्वतःच्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी आहे (हौस!), तिथं सिसकंट्रोल कमांडला एसीपीआयची (मशिनच्या वीजेची माहिती सिस्टमला देणारी पद्धत) एसी-लाईन विचारली की ० किंवा १ येतं. तेपण घालून टाकलं, त्याला बरं वाटलं.

१२ मे

स्क्रिप्टा तयार, आता वेळेवर चालवायच्या. आणि इथं विंडोजनं खरा नमुना दाखवला.

टास्क शेड्युलरमध्ये नवीन काम लावलं की 'कंडिशन्स' टॅबमध्ये दोन चौकटींवर टिक आधीच मारलेली असते. पहिली: संगणक चार्जरवर असेल तरच काम सुरू करा. दुसरी: बॅटरीवर गेला तर काम थांबवा. म्हणजे बॅटरी आहे का हे बघणारी आपली स्क्रिप्ट बॅटरी असताना चालणारच नाही! चोर आला तर सांग म्हणून राखणदार ठेवला आणि चोर आला की त्याला सुट्टी. दोन्ही टिका काढल्या सगळ्या मशिनवर.

पण मग डोक्यात आलं की नुसता रात्रीचा बॅकअप बघितला तर विंडोजवर ह्या दोन टिकाच पुरेशा आहेत, स्क्रिप्टची गरजच नाही. लिनक्सवरपण तसंच, सिस्टमडीच्या युनिट फाईलमध्ये कंडिशन-एसी-पॉवर ट्रू एवढी एक ओळ लिहिली की चार्जर नसताना ते काम सुरूच होत नाही. फक्त ही अट सुरू होताना बघितली जाते, मधेच लाईट गेली तर चालू काम थांबवत नाही. दादांना हे सांगितलं, म्हणजे निम्मं काम टिक मारून होईल असं. दादा म्हणाले, "मग दोन आठवडे काय करणार हाईस?" गप्प बसलो आणि स्क्रिप्टच पुढं न्यायची ठरवली, कारण मधेच थांबवणं आणि परत चालू करणं हे टिकांनी होत नाही आणि सगळ्या मशिनची एका जागी नोंदपण पाहिजे.

लिनक्सवर वीज बदलल्याची घटना यूडेव्हच्या (हार्डवेअरमधल्या बदलांवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) नियमानं पकडता येते, विंडोजवर सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची १०५ नंबरची नोंद पडते, मॅकवर पीएसलॉग आहे. तीन जागी तीन तऱ्हा. मी सरळ दर १५ सेकंदांनी वाचायचं ठेवलं, एक फाईल वाचायला काय लागतंय.

१३ मे

टेस्टिंग. पिना काढून घालून बघितल्या.

खिडकीखालच्या टेबलाला १६ अँपियरचं जुनं सॉकेट आहे, त्यात लॅपटॉपची बारकी तीन पिनांची टॉप ढिली बसते. टेबलाला नुसतं ढोपर लागलं की लॉगमध्ये हो, नाही, हो, हो, नाही, हो अशी रांग. मशिन वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही, स्क्रीनचा उजेड जरा कमी-जास्त होतो एवढंच. त्यामुळं सलग चार वेळा तेच उत्तर आलं तरच पक्कं धरायचं, म्हणजे साधारण मिनिटभर. वळवाच्या आधी लाईट दोनतीनदा डोळे मारते त्यावरपण हेच औषध. (सॉकेट बदलायला सांगितलंय ते वेगळं.)

दुसरी केस जास्त महत्त्वाची. एका गेमिंग लॅपटॉपला कोणीतरी मोबाईलचा टाईप-सी चार्जर लावलेला होता. पिन लागलेली, विंडोज म्हणतंय चार्जरवर, आमची स्क्रिप्ट म्हणतेय चार्जरवर, आणि टक्के मात्र खाली चाललेत. चार्जर देतोय तीसेक वॅट आणि मशिन कामात त्याच्या कितीतरी पट खातंय, उरलेलं बॅटरीतून. उत्तर खोटं नाही पण उपयोगाचंही नाही. म्हणून दुसरी अट घातली: चार्जरवर असलं तरी बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर जड काम सुरू करायचं नाही.

थांबवण्याचं असं केलंय. सर्व्हर आणि मॅकवर एफएफएमपेगला, म्हणजे प्रॉक्सी बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, स्टॉपचा सिग्नल पाठवायचा, तो जागच्या जागी थिजतो, लाईट आली की कंटिन्यूचा सिग्नल, तिथूनच पुढं. विंडोजवर तसले सिग्नल नाहीत, तिथं चालू कॉपी बंद करायची, पण कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी कमांडला झेड पर्याय दिलेला आहे त्यामुळं तुटलेली मोठी फाईल परत पहिल्यापासून जात नाही.

१६ मे

इन्व्हर्टर आला.

म्हणजे दादांनी मला न सांगता बसवून टाकला, वायरमन येऊन गेलापण. १२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. समोरच्या हॉलचे सगळे पॉईंट त्याच्यावर, राऊटर आणि सर्व्हरसुद्धा. दुपारी गडगडाट झाला, लाईट गेली, पंखे जराही हलले नाहीत, सगळे खूश. आणि माझ्या लॉगमध्ये सातच्या सात मशिनी सांगतायत: चार्जरवर, चार्जरवर, चार्जरवर.

बरोबरच आहे त्यांचं. लॅपटॉपच्या चार्जरवर बघा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ छापलेलं असतं. एवढ्या मोठ्या पट्ट्यात काहीही आलं तरी तो खाली एकच ठरलेला डीसी व्होल्ट देतो, आणि लॅपटॉपला फक्त तेवढंच दिसतं. ती वीज तारेवरून आली का कोपऱ्यातल्या बॅटरीतून हे सांगायला मधे कोणीच नाही.

गंमत म्हणजे ह्याला जागा होती एकेकाळी. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये एपीएम नावाची वीज सांभाळायची पद्धत आणली, एसीपीआयच्या आधीची. त्यात वीजेच्या स्थितीला चार आकडे होते: ० बंद, १ चालू, २ बॅकअप वीजेवर, आणि २५५ माहीत नाही. ओपनबीएसडीची एपीएम कमांड अजून ते चारही आकडे पाळते. विंडोजच्या त्या पहिल्या बाईटमध्ये मात्र ०, १ आणि २५५ एवढेच उरलेत. आणि तो २ उरला असता तरी आमच्या इन्व्हर्टरला संगणकाशी बोलायची वायरच नाही, तो बापडा काय सांगणार.

दादांना समजावलं तर ते म्हणाले, "अरे पण मी पहिल्यापासनं लाईटच म्हणतोय की, चार्जर कुठं म्हणलं?" ह्यावर काय बोलणार.

हिशोब केला. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा करून १४०० च्या आसपास धरा. चार डिझाइनची मशिनी आणि दोन मॅक एक्सपोर्टला लागली, पंखे, सर्व्हर, राऊटर, की ८०० वॅट सहज. पावणेदोन तास. तेपण मिळणार नाही, कारण १५० हा आकडा २० तासांत हळूहळू बॅटरी काढली तरचा असतो, एवढा ओढा लावला की लेड-ॲसिड बॅटरी कमीच देते. म्हणजे लाईट गेल्यावर जड कामं थांबवायची गरज आधीपेक्षा जास्तच झालीय, आधी निदान प्रत्येकाची बॅटरी ज्याची त्याची होती.

१९ मे

उपाय सापडला, कपाटातून. एक जुना लॅपटॉप पडून होता, बिजागरी तुटलेली, बॅटरी जेमतेम तासभर धरते. मागच्या खोलीत वॉटर कूलरच्या पॉईंटला वायरमननं इन्व्हर्टर जोडलेला नाही, ती सरळ बाहेरची लाईन. त्या पॉईंटला हा लॅपटॉप लावला, डेबियन टाकलं, आमचीच लिनक्सची स्क्रिप्ट. आता त्याचा चार्जर बंद पडला म्हणजे खरोखरची लाईट गेली. त्याचं वायफाय ज्या राऊटरला तो इन्व्हर्टरवर, त्यामुळं बातमी पोचते.

तो एक बारकी फाईल वेब सर्व्हरवर ठेवतो, त्यात एक आकडा आणि वेळ. बाकीची मशिनी दर १५ सेकंदांनी ती वाचतात. वेळ लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर स्क्रिप्ट मेली तरी जुना आकडा तसाच वाचला जाईल आणि सगळे निवांत. दोन मिनिटांपेक्षा जुनी वेळ असेल तर उत्तर 'माहीत नाही'.

ह्या 'माहीत नाही'चं काय करायचं ह्यावर पोराशी बराच वाद झाला. तो म्हणतो नाही समजा, सुरक्षित. मी म्हणालो मग राऊटर रीस्टार्ट झाला की सगळ्यांचं एक्सपोर्ट थांबणार आणि दादा आपल्याला थांबवणार. शेवटी असं ठरलं: काम सुरू करायचं असेल तर माहीत नाही म्हणजे नाही, पण चालू काम थांबवायचं असेल तर माहीत नाही म्हणजे जसं आहे तसं राहू दे, पाच मिनिटं. पाच मिनिटांनीही उत्तर नाही आलं तर थांबव, कारण बहुतेक त्या म्हाताऱ्या लॅपटॉपची बॅटरी संपून तो बंद पडलाय आणि लाईट गेलेलीच आहे.

आधीची स्क्रिप्ट फेकली नाही. पोरं पिना काढून जातात तो प्रश्न अजून आहेच. दोन्हीकडून हो आलं तरच जड काम.

२३ मे

आज खरा पाऊस. साडेचारला लाईट गेली, मिनिटभरानं दोन्ही मॅकवरचं प्रॉक्सीचं काम थिजलं, डिझाइनच्या मशिनींवर कोपऱ्यात चिठ्ठी आली, 'लाईट नाही, एक्सपोर्ट लावू नका'. दोघांनी लावलंच, अल्बमच्या सॉफ्टवेअरमधलं एक्सपोर्ट बाहेरून थांबवता येत नाही. तिथं फक्त चिठ्ठी आणि दादांचा आवाज. पाचसव्वापाचला लाईट आली, डोळे मारून परत गेली, मग आली ती टिकली. लॉगमध्ये त्या डोळे मारण्याची नोंद आहे पण कोणतंही काम चालू-बंद झालं नाही, सलग चारची अट कामाला आली. लाईट टिकल्यावर मिनिटभरानं मॅक आपापले पुढं सुरू झाले, आऊटपुट फाईल उघडून बघितल्या, ठीक आहेत.

एक मॅक मात्र काल रात्री झाकण लावून कोणीतरी ठेवलेला. झोपलेल्या मशिनवर स्क्रिप्ट चालत नाही, क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा जुना प्रोग्रॅम) तर तेवढी वेळ सोडूनच देतो. मॅकच्या स्वतःच्या लाँचडीला वेळ लावून दिली तर मशिन जागं झाल्यावर राहिलेलं काम एकदा करतो, म्हणून रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून काढून तिकडं हलवला.

बाकी राहिलेलं: खिडकीखालचं सॉकेट अजून तेच आहे. मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरात 'ही पिन काढू नये' असा कागद चिकटवायचा, काल वहिनींनी मिक्सर लावायला काढली होती आणि स्टुडिओभर लाईट गेल्याची चिठ्ठी फिरली.